महालक्ष्म्या पाचव्या मजल्यावर

ताई, नमस्कार.

माझं माहेर रत्नागिरीचं, सासर नागपूरचं. लग्नाला चार वर्षं झाली. सासरच्या महालक्ष्म्या आजवर महालातल्या जुन्या घरी बसायच्या. यंदा सासूबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, जुन्या घराच्या पायऱ्या त्यांना झेपत नाहीत, म्हणून पहिल्यांदाच महालक्ष्म्या आमच्या मनीषनगरच्या फ्लॅटवर येणार आहेत. पाचवा मजला, दोन खोल्या आणि हॉल. जेवायला साठ-सत्तर माणसं असतात. जाऊबाई म्हणतात, नव्या घरी करतोय तर नीट थीम ठेवू : सगळ्या बायकांना वाइन रंगाच्या शिवलेल्या नऊवारी, मागे फुलांचा मोठा बॅकड्रॉप, जेवण केटररचं. सासूबाई नुसतं 'तुम्ही ठरवा' म्हणतात. पूर्वी हाताखाली पाच बायका नाचवायच्या, आता दिवाणावर गप्प बसून असतात. नवऱ्याचंही तेच, 'तुम्ही ठरवा'. मला तर नऊवारी घेऊ की पैठणी, एवढंही ठरवता येत नाही. सोळा भाज्या, आंबील, फुलोरा यांतलं काही येत नाही. आमच्याकडे खड्यांच्या गौरी, पाच खडे आणि घावन-घाटलं, झालं. आणखी एक. काकेसासूबाई आमच्यासोबत राहतात. काका गेल्यापासून त्या या दिवशी आतल्या खोलीत बसून राहतात. मला बघवत नाही, पण चार वर्षांची सून मी, बोलू कशी?

पाचव्या मजल्यावरची सून

सूनबाई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. प्रश्न तू साडीचा विचारला आहेस आणि ओळी सासूबाईंवर खर्च केल्या आहेत. दोन्हींबद्दल बोलू. पण त्याआधी मला सांग, यंदा तुझं पान कितव्या पंगतीत मांडायचं?

हसू नको. माझ्या सासरी बायकांची पंगत साडेचार वाजता बसायची. तोवर भजी मऊ पडलेली, पोळी गार, कढीवर साय धरलेली आणि आम्ही इतक्या दमलेल्या की 'मले नुसतं ताक दे माय' म्हणून पानावर टेकायचो. कितीतरी वर्षं मी महालक्ष्म्यांची गरम पुरणपोळी खाल्ली नाही. मग एका वर्षी ठरवलं, दुसऱ्या पंगतीत बसायचं म्हणजे बसायचं, आणि मग त्या हिशेबानं बाकीचं सगळं बदलत गेलं. किती माणसं, कोणती साडी, किती भाज्या आपण करायच्या, सजावटीला किती रात्री घालवायच्या, सगळं. तूही हीच पट्टी लाव. जे केल्यानं तुझं पान साडेचारला जाईल, ते यंदा नाही.

आता साडी. भाद्रपदात पाऊस उघडला की नागपुरात उकाडा असा बसतो की पदर मानेला चिकटतो. त्यात तीन शेगड्या पेटलेल्या, तळण चालू, आणि समई विझू नये म्हणून पंखा बंद. शिवलेल्या नऊवारीवर माझा राग नाही. काष्ट्यामुळे पाय मोकळे राहतात, वाकून वाढता येतं, निऱ्या पायात येत नाहीत. आपल्या आज्यांनी जन्म त्यात काढला तो उगीच नाही. पण बाजारात एकाच रंगाच्या दहा-बारा मिळतात त्या बहुतेक पॉलिस्टरच्या. ते कापड आचेला वितळतं आणि कातडीला चिकटतं. तळणाच्या कढईपाशी ते नको म्हणजे नको. शिवाय त्या आयत्या साडीत घाईच्या वेळी बाथरूमला जाणं हा काय प्रकार असतो, ते जाऊबाईंनी एकदा अनुभवावं आणि मग थीमचं बोलावं.

तू करवतकाठी घे. चार वर्षं विदर्भात राहून तुझ्याकडे ती नाही, हे मला पत्रावरूनच कळलं. भंडारा जिल्ह्यात मोहाडी-आंधळगावकडे हातमागावर होते. अंग टसरचं, म्हणजे आपल्या भाषेत कोशाचं, आणि काठ सुती. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर ढिवर लोक कोशाचे किडे पोसतात, त्याचं ते सूत. न रंगवताही मधासारखा रंग असतो. काठावर करवतीचे दाते असावेत तशी नक्षी असते, नाव त्यावरूनच पडलं. विणकर तीन धोटे चालवतो, दोन दोन्ही काठांचे आणि एक मधल्या अंगाचा; काठाचा रंग आणि अंगाचा रंग जिथे एकमेकांत गुंततात तिथे हे दाते उमटतात. जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही आहे तिला. दुकानात साडी उलटी करून बघ. विणलेला काठ मागूनही तितकाच उठून दिसतो, छापलेला मागून फिका पडतो. गांधीबाग-इतवारीत 'कोसा' म्हणून काहीही गळ्यात मारतात, तेव्हा लाजू नको, खुशाल उलटून बघ.

ही साडी अंगावर हलकी, घाम शोषणारी, आणि जुन्या बायका कोसा सोवळ्याला चालवून घेतात. पूजेला तीच, नैवेद्याला तीच, जेवायलाही तीच. सकाळी चिरताना-वाटताना जुनी सुती साडी किंवा सरळ सलवार-कुर्ता घाल. पुरण वाटताना कोणी फोटो काढत नाही, आणि काढलाच तर काढू दे. संध्याकाळच्या हळदीकुंकवाला पैठणी घरात असेल तर नेस. नसेल तर या एका दिवसासाठी घेऊ नको. पुढेमागे घेशील तेव्हा पदर उलटून बघ : खऱ्या हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, मागे धागे लोंबत असतील तर ती यंत्रमागाची.

पैठणी नेसून वाढायला उभी राहू नको, हे मी पैसे मोजून शिकले आहे. माझं दुसरं वर्ष. आईनं दिलेली मोरपंखी पैठणी, पदर एकेरी सोडलेला, डाव्या हातात कटाच्या आमटीचा गंज, म्हणजे पातेलं. सासऱ्यांच्या पानावर वाढायला वाकले तर पदराचं टोक आधी गंजात उतरलं. मला कळलंसुद्धा नाही. सरळ झाले तेव्हा लाल तवंग जरीच्या काठावरून बोट-बोट वर चढत होता, आणि पंगतीतली सगळी माणसं अतिशय सभ्यपणे आपापल्या पानाकडे बघत होती. मी घाईनं पाणी लावून चोळलं, तिथेच चुकलं. तेलाच्या डागावर कोरडं बेसन किंवा टाल्कम पावडर दाबून ठेवायची, तेल ओढून घेते. मग झटकायची आणि साडी ड्रायक्लीनिंगला द्यायची. चोळायचं नाही, पाणी नाही. ती पैठणी अजून आहे माझ्याकडे. टोक आत दुमडून नेसते.

तेव्हा पदर पिनअप, कमरेला खोचलेला, ब्लाउजची बाही कोपराच्या वर, बांगड्या मोजक्या. पाटल्या, तोडे, ठुशी, नथ संध्याकाळी घाल. नथ घालून गरम पुरणपोळी खाणं हाही एक अनुभव आहे, पण तो सणाच्या दिवशी नको.

जाऊबाईंचा वाइन रंग. तुम्ही घरच्या चौघी एका रंगात आलात तर कोणाचं काही जात नाही. पण बोलावलेल्या पाहुणीला 'अमुक रंगात या' सांगणं म्हणजे प्रसादाच्या जेवणाला तिकीट लावणं. ज्या बाईकडे त्या रंगाची साडी नाही ती एक तर विकत घेईल किंवा डोकं दुखतं म्हणेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' ओरडतात ना, त्यात ही थीम देऊन टाका. जाऊबाई नाराज होतील. तर त्यांना फुलांचं खातं दे : आदल्या पहाटे सीताबर्डीच्या नेताजी मार्केटला जायचं आणि येणाऱ्या प्रत्येकीसाठी शेवंतीची वेणी आणायची. साडी कोणत्याही रंगाची असो, सगळ्यांच्या केसांत पिवळी शेवंती. फोटोतही छान दिसतं, ते त्यांना पटेल.

खरा साडीचा प्रश्न तुझ्या साडीचा नाहीच, ज्येष्ठा-कनिष्ठांच्या, म्हणजे दोघी महालक्ष्म्यांच्या साड्यांचा आहे, आणि तो तू विचारलाच नाहीस. दोघींना दरवर्षी नव्या साड्या घेत असाल तर त्या नंतर घरातल्याच बायका नेसतात, तेव्हा घेताना 'ही दिवाळीला कोण नेसणार' हे ठरवूनच घ्या. कापड थोडं कडक हवं. मऊ जॉर्जेट किंवा शिफॉन कोथळीवर, म्हणजे देवीच्या धडावर, उभं राहत नाही, दुपारपर्यंत देवी दमल्यासारखी दिसते. निऱ्या आदल्या रात्री घालून ठेवायच्या. साडी गादीवर पसरायची, बोटभर रुंदीच्या निऱ्या एकावर एक बसवायच्या, वरून हलकी इस्त्री फिरवायची आणि दर वीतभर अंतरावर कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे. आवाहनाच्या दिवशी कोथळीत तांदूळ-गहू भरून झाले की नाड्यानं कंबर आवळायची, निऱ्यांचा गठ्ठा तसाच्या तसा खोचायचा आणि चिमटे वरून खाली एकेक काढत यायचं. पदर नंतर. मुखवटा सगळ्यात शेवटी. मुखवटा बसला की आतापर्यंत जो कापडाचा आणि तांदळाचा ढिगारा होता तो एकदम तुझ्याकडे बघायला लागतो. माझ्या सासूबाई त्या क्षणी नेहमी म्हणायच्या, 'आली वो माय.' देवीला म्हणायच्या की स्वतःच्या आईला, मला कधी कळलं नाही.

टाचण्या मात्र मोजून लाव आणि मोजून काढ. लहान मुलं असतात.

सत्तर माणसांचं गणित आता. नागपुरात पूजनाच्या त्या एका दिवशी प्रत्येकाला दोन-तीन घरची बोलावणी असतात. धरमपेठेत एक जेवण, नंदनवनला दुसरं, तिसऱ्याकडे 'नुसतं पान घेतो'. म्हणून सत्तर माणसं म्हणजे सत्तर पोटं नव्हेत. फोन करताना सरळ विचार, 'जेवण आमच्याकडेच की आधी कुठे?' इथे कोणी याचं वाईट मानत नाही. चाळीस पानांची तयारी पुरेल. उरलेल्यांना, विशेषतः सोसायटीतल्या आणि ऑफिसातल्या लोकांना, सहा वाजता हळदीकुंकू आणि प्रसादाला बोलव : पुरणपोळीचा चतकोर तुपासकट, एक वडा, वाटीभर आंबील. पुरुषांना आणि पोरांनाही तेच. फक्त आधी सासूबाईंना विचार, कोणाचं बोलावणं जेवणाचंच लागतं ते. दोन-चार घरं अशी असतातच.

हॉल मोजून घे. एका पानाला दोन फूट लागतात, समोर वाढणारीला चालायला तीन फूट. सोळा फुटांची भिंत असेल तर तिच्याशी आठ माणसं, समोरच्या भिंतीशी आठ. सोफा शेजाऱ्यांकडे किंवा पॅसेजमध्ये. म्हणजे सोळाची पंगत, अडीच पंगतींत चाळीस. पहिली साडेबाराला बसली तर दुसरी दीडला, आणि त्या दुसरीत तू, जाऊबाई, सासूबाई, काकू. वाढायला पुरुष. महालातल्या जुन्या घरात वाढपी पुरुषच असणार, आठवून बघ. तुझ्या 'तुम्ही ठरवा' महाशयांना सांग, रेशमी कुर्ता घालून सोफ्यावर बसायची सोय नाही कारण सोफा पॅसेजमध्ये गेलाय. सुती कुर्ता घाल, बाह्या वर कर, तुपाची वाटी तुझ्याकडे. सासूबाईंना खाली बसता येणार नाही, तर एक टेबल आणि चार खुर्च्या मांड, आणि सासूबाईंसोबत गुडघेदुखीचे आणखी तिघे तिथे बसव. एकट्या त्यांनाच खुर्ची दिलीस तर त्या जेवणार नाहीत, 'मी मागाहून बसते' म्हणतील.

पाट, मोठे गंज, पिंपं, पाण्याचे ग्लास हे बिछायत केंद्रातून भाड्यानं आण, पण आत्ताच सांगून ठेव. महालक्ष्म्यांच्या आठवड्यात नागपुरात साधा झारा शिल्लक राहत नाही. नैवेद्याला केळीचं पान, पंगतीला पळसाच्या पत्रावळी. थर्माकोलच्या ताटवाट्यांवर आणि सजावटीवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, हे जाऊबाईंच्या बॅकड्रॉपवाल्यालाही सांग.

स्वयंपाक. सगळा केटररला देऊ नको, सगळा अंगावरही घेऊ नको. नैवेद्यापुरतं घरी : पाच-सात पोळ्या, आरतीचे पुरणाचे दिवे, आंबील, सोळा भाज्यांची भाजी. पंगतीच्या पोळ्या, वडे, भजी, कढी, वरण-भात यांना स्वयंपाकीण बाई लाव, दोघी. त्यांना सांगताना आकडा हाताशी असू दे. आपली पोळी तुझ्या कोकणातल्यासारखी पातळ नसते, पुरणानं गच्च भरलेली असते, आणि तिच्यावर तूप चमच्यानं नाही, वाटीनं. एक किलो हरभऱ्याच्या डाळीत तेवढाच गूळ घातला तर अशा पंचवीस-तीस पोळ्या होतात. चाळीस जेवणारे आणि संध्याकाळचे चतकोर धरून साडेतीन किलो डाळ घे. पुरण आदल्या रात्री शिजवून फ्रिजमध्ये ठेवायला सासूबाईंची परवानगी असेल तर तुझी पहाट सुटली. नसेल तर चारचा गजर.

सोळा भाज्या ऐकून घाबरलीस, पण सोळा कढया कोणी चढवत नाही. बहुतेक घरी सोळाही थोड्या थोड्या चिरून एकत्रच करतात. लाल भोपळा, दोडकं, गिलकं, पडवळ, भेंडी, गवार, वांगं, काकडी, बरबटी, कारल्याची एखादी फोड, मोजत राहायचं. आदल्या दिवशी पेपर पसरून घरातल्या पोरासोरांना चिरायला बसव, कितवी भाजी चाललीय यावरून हमखास भांडण होतं. आंबीलीचं ज्वारीचं पीठ रात्री ताकात भिजवायचं, सकाळी ढवळत शिजवायचं. गार झाली की ती दाटत जाते, म्हणून पातळ ताक जवळ ठेव.

सजावटीवर मी जास्त बोलणार नाही. सासूबाईंच्या ट्रंकेतल्या दोन जुन्या जरीच्या साड्या मागे सोड, दोन्हीकडे केळीचे खांब, वर फुलोरा टांग. करंज्या, पापड्या, तळलेल्या वेणी-फणी देवीच्या डोक्यावर लोंबत असताना आणखी कसला बॅकड्रॉप हवा? समई साडीपासून हातभर लांब, आणि टेबलफॅन पंगतीकडे तोंड करून. दारातून आत येणारी पावलं रांगोळीनं काढ. महालात ती तुळशीपासून निघत असतील, तुमच्याकडे लिफ्टच्या दारापासून काढा. 'महालक्ष्म्या कशाच्या पावलांनी आल्या?' विचारल्यावर एखादं पोरगं 'लिफ्टनं आल्या' म्हणणारच, त्याला रागावू नका.

आणि सासूबाई. तीस-चाळीस वर्षं ज्या घरात त्यांचा शब्द चालला, ते घर सुटलं, गुडघे गेले, आणि आता दोन सुना केटरर आणि वाइन रंगावर बोलताहेत. 'तुम्ही ठरवा' याचा अर्थ 'मला कोणी विचारत नाही' असा असतो, निदान आपल्याकडे तरी. पण 'आई, काय करू?' असं मोघम विचारू नको, पुन्हा तेच उत्तर येईल. ज्याचं उत्तर फक्त त्यांनाच माहीत आहे असं विचार. आंबीलीत खोबरं किसून की तुकडे करून? थोरलीला कोणत्या बाजूला बसवायचं? फुलोऱ्यात करंज्या किती? काही घरांत महालक्ष्म्यांच्या पानावरचं उष्टं घराबाहेर जाऊ देत नाहीत, अंगणात खड्डा करून पुरतात. आपल्याकडे आहे का तसं, आणि असेल तर पाचव्या मजल्यावर खड्डा कुठे करू? हा शेवटचा प्रश्न तू नक्की विचार. त्या आधी हसतील, मग विचारात पडतील, मग गच्चीवरच्या मोठ्या कुंडीपर्यंत त्यांच्या त्या पोचतील, आणि मग तुला पुढचे दोन तास काही विचारावं लागणार नाही. वही घेऊन बस. साडी नेसवायचं काम त्यांच्याकडेच ठेव. खुर्ची कोथळीसमोर ओढली की बसूनही निऱ्या लावता येतात.

काकूंबद्दल तू कोणाच्या तोंडावर बोलायचं नाहीस, काम द्यायचंस. हळदीकुंकवाच्या वादात पडलीस तर चार वर्षांची सून हरते. त्याऐवजी आठ दिवस आधी सासूबाईंसमोरच म्हण, 'काकू, फुलोऱ्याची वेणी-फणी मला जमणार नाही, तुम्हीच करा, आणि टांगायलाही तुम्हीच थांबा.' ज्या हातानं देवीचा फुलोरा झाला त्या हाताला मग आत बसायला कोण सांगतो, बघू. संध्याकाळी त्यांना वेणी तू स्वतः दे, कुंकू विचारून लाव. त्या नको म्हणाल्या तर जबरदस्ती नको, पण विचारायचं राहू नये. घरातल्या कोणी 'असं चालत नाही' म्हटलं तर सांग, 2022 मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवांच्या या प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि पाठोपाठ राज्य सरकारनंही तो कित्ता घ्या म्हणून पत्रक काढलं. खेडं करू शकतं, मनीषनगर मागे का राहावं. नवऱ्याला मात्र हे आधी, एकट्याला गाठून सांगून ठेव. 'तुम्ही ठरवा' म्हणणाऱ्याला इथे ठरवायला लाव. काकू त्याची आहे.

राहिलं तुझं घावन-घाटलं. आवाहनाच्या संध्याकाळी आपल्याकडे भाजी-भाकरीचा साधा नैवेद्य असतो. सासूबाईंना विचार, त्याच्या शेजारी एक घावन आणि वाटीभर घाटलं ठेवलं तर चालेल का. माझा अंदाज, 'ठेव ना बाप्पा' म्हणतील आणि आधी स्वतः चाखून बघतील.

आणि आदल्या दिवशी कॉटन मार्केटला भाजी घ्यायला जाशील तेव्हा पंधरा मिळतील आणि सोळावीला अडशील. 'अळू आहे का' विचारलंस तर भाजीवाली तोंडाकडे बघत राहील. धोपा म्हण. समोरच ठेवलेला असतो.